निवडीचे स्वातंत्र्य आणि मानवी शरीर : जर्मन चिद्वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७८१ मध्ये इमान्युएल कांटची ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ प्रसिद्ध झाली आणि १८३१ मध्ये हेगेलचा बर्लिनमध्ये मृत्यू झाला. या पन्नास वर्षांतील विचारपरंपरेला जर्मन चिद्वाद म्हटले जाते. या परंपरेत निवडीचे स्वातंत्र्य आणि शरीर यांचा संबंध कसा लावला गेला, याविषयी विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व प्रश्न सारख्या वजनाचे नसल्यामुळे उत्तरांची लांबीही सारखी ठेवलेली नाही.

चैतन्याला प्रधान मानणाऱ्या तत्त्वज्ञांना शरीराशी काय कर्तव्य?

जड जग खोटे आणि मन तेवढे खरे, असे मानणारे मत म्हणजे चिद्वाद, असा समज रूढ आहे आणि या प्रश्नामागे बहुतेक वेळा तोच असतो. कांट, फिक्टे, शेलिंग आणि हेगेल यांपैकी एकाचेही मत असे नव्हते. जगाचे आपल्याला होणारे ज्ञान जाणिवेच्या रचनेवाचून उलगडता येत नाही, एवढे चौघांना मान्य होते. त्यापुढे त्यांच्या वाटा फुटल्या. ज्ञानाकडून कृतीकडे वळले की मात्र शरीर टाळता येत नाही. स्वातंत्र्य नुसते विचारात राहिले तर ते कोणाच्या आड येत नाही आणि कोणाला त्याच्या आडही येता येत नाही. ते देहाने वावरू लागले की हक्क, गुन्हा, मालकी, मजुरी, विवाह हे सगळे विषय उभे राहतात. त्यामुळेच या परंपरेतील शरीराविषयीचे उत्तम विवेचन ज्ञानमीमांसेपेक्षा हक्क आणि नीती यांवरील ग्रंथांत सापडते.

मी खुर्चीवरून उठतो, तेव्हा कांटच्या मते मी स्वतंत्र असतो की निसर्गनियमांनी बांधलेला?

खुर्चीवरून उठण्याचे उदाहरण कांटचेच आहे. ‘शुद्ध बुद्धीची चिकित्सा’ या ग्रंथात त्याने परस्परविरोधी, पण दोन्ही बाजूंनी सिद्ध करता येतील असे वाटणाऱ्या विधानांच्या चार जोड्या मांडल्या. त्यांतील तिसरी जोडी स्वातंत्र्याची आहे. एका बाजूचे म्हणणे असे की घटनांची मालिका आपण होऊन सुरू करणारे कारण मानल्यावाचून गत्यंतर नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की निसर्गात जे काही घडते ते पूर्वकारणांनीच घडते. कांटचा निर्वाळा असा की दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण ती एकाच कृतीकडे दोन भूमिकांवरून पाहतात. अनुभवाला येणारे जग या नात्याने पाहिले तर माझे उठणे स्नायू, सवयी आणि पूर्वघटना यांच्या साखळीतील एक कडी आहे. पण जे आपल्याला कधीच दिसत नाही, फक्त विचारात गृहीत धरावे लागते, अशा माझ्या स्वरूपाच्या बाजूने पाहिले तर त्याच कृतीचा आरंभकर्ता मी आहे.

द्वेषाने खोटे बोलून समाजात गोंधळ माजवणाऱ्या माणसाचे उदाहरणही कांट देतो. त्याचे वाईट संगोपन, कुसंगत, निर्लज्ज स्वभाव ही सगळी कारणे आपण शोधून काढतो आणि तरीही त्याला दोष देतो. त्याने तसे वागायला नको होते, हे म्हणणे आपण मागे घेत नाही. उदाहरण समर्पक आहे, पण या उत्तराची किंमत शरीराला चुकवावी लागते. शरीर सगळेच्या सगळे अनुभवजगाच्या खात्यात जमा होते आणि स्वातंत्र्य दुसऱ्याच खात्यात राहते. माझा हात आणि समोरचे टेबल यांत या हिशेबाने तत्त्वतः फरक उरत नाही. पुढच्या पिढीने कांटशी जो वाद घातला, त्याचा बराचसा भाग याच अडचणीतून निघाला आहे.

नैतिक नियम पाळणे हेच स्वातंत्र्य असेल, तर वाईट वागणारा माणूस स्वतंत्र नसतो का?

माणसाच्या बुद्धीने स्वतःलाच घालून दिलेला नैतिक नियम पाळणे हे कांटच्या मते स्वातंत्र्य. त्यावरची ही शंका त्याच्या हयातीतच उपस्थित झाली. येना येथील तत्त्वज्ञ श्मिड याने १७९० मध्ये उघडपणे असा निष्कर्ष काढला की बुद्धीच्या पातळीवरही सारे नियतच आहे. त्यावर कांटचा भाष्यकार रायनहोल्ट याने १७९२ मध्ये असे मांडले की नियमाच्या बाजूने किंवा विरुद्ध निवड करण्याची शक्ती म्हणजेच स्वातंत्र्य. तसे न मानले तर दुष्कृत्याची जबाबदारी कोणावरच टाकता येणार नाही.

कांटने १७९७ मध्ये ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ या ग्रंथात याला उत्तर दिले. नियम घालून देणारा संकल्प आणि प्रत्यक्ष निवड करणारी इच्छा या दोहोंत तो भेद करतो. स्वतंत्र किंवा परतंत्र असण्याचा प्रश्न निवडणाऱ्या इच्छेपुरताच येतो. पशूची इच्छा शारीरिक प्रेरणेने ठरते. माणसाच्या इच्छेवर त्या प्रेरणेचा परिणाम होतो, पण ती तिने ठरत नाही. माणूस नियमाविरुद्ध निवड करतो हे अनुभवाला येतेच. मात्र त्यावरून स्वातंत्र्याची व्याख्या करू नये, कारण नियमापासून ढळता येणे हे सामर्थ्य नसून असमर्थता आहे, असे कांट म्हणतो. रायनहोल्टची शंका या उत्तराने पुरती मिटत नाही, असे या लेखकाचे मत आहे. जबाबदारी टिकवायची तर ढळण्याची मोकळीक मानावी लागते, आणि ती मानली तर तिला नुसती असमर्थता म्हणून भागत नाही.

वासना शरीरातून उठतात. मग दुष्टपणाचे मूळ शरीरातच नाही का?

नाही, आणि या मुद्द्यावर सर्वांचे एकमत आहे. कांटने १७९३ च्या धर्मविषयक ग्रंथात स्पष्ट केले की नैसर्गिक ओढी स्वतः निर्दोष असतात. कोणतीही ओढ माणसाने आपल्या वागण्याच्या सूत्रात स्वतः सामावून घेतल्यावाचून त्याच्या इच्छेला हलवू शकत नाही. दोष या क्रमवारीत असतो : कर्तव्याला आत्मप्रेमाच्या खाली ठेवणे. शेलिंग १८०९ मधील मानवी स्वातंत्र्यावरच्या निबंधात हाच विचार आणखी कडक शब्दांत मांडतो. मूळ इंद्रियांत असते तर दुष्टपणा ही पशूंची मक्तेदारी ठरली असती. प्रत्यक्षात माणूस एक तर पशूच्या वर उभा असतो किंवा त्याच्या खाली, हे समकालीन तत्त्वज्ञ फ्रान्त्स बाडरचे मत तो मान्यतेने उद्धृत करतो. फिक्टे मूळ दोष आळसात पाहतो : आहे त्या स्थितीत पडून राहण्याची जडता. तिन्ही निदाने वेगळी आहेत, पण शरीरावर खापर फोडून मोकळे होण्याची सोय त्यांतले एकही देत नाही.

‘माझे शरीर माझ्या मालकीचे आहे’ हे कांट का नाकारतो?

कारण मालकी वस्तूंची असते आणि व्यक्ती ही वस्तू नाही. माणूस स्वतःचा धनी असतो, म्हणजे त्याच्यावर दुसऱ्याची सत्ता नसते. पण तो स्वतःचा मालक नसतो, म्हणजे स्वतःची हवी तशी विल्हेवाट लावू शकत नाही. या तत्त्वावरून कांट ‘नीतीची तत्त्वमीमांसा’ या ग्रंथात आत्महत्येचा निषेध करतो आणि लगेच ‘आंशिक आत्महत्या’ या सदराखाली चमत्कारिक वाटणारी उदाहरणे देतो : दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी आपला दात देणे किंवा विकणे, आणि गायक म्हणून सुखाने पोट भरता यावे यासाठी खच्चीकरण करून घेणे. ही उदाहरणे काल्पनिक नव्हती. गरिबांचे दात विकत घेऊन श्रीमंतांच्या हिरड्यांत बसवण्याचा व्यवहार अठराव्या शतकात युरोपात चालत असे. सडलेला अवयव जीव वाचवण्यासाठी कापून टाकणे मात्र कांटला मान्य आहे. केस कापण्यालाही त्याची हरकत नाही, पण विकण्यासाठी ते कापणे सर्वस्वी निर्दोष नाही, असे तो जाता जाता नोंदवतो.

अवयवदानाच्या चर्चेत आज हा उतारा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. अवयवांच्या विक्रीविरुद्ध तो निःसंशय वजनदार आहे. नातलगाला मूत्रपिंड देण्याविरुद्ध त्याचा उपयोग करणे मात्र ओढाताणीचे वाटते, कारण दात देण्याला त्याने केलेला विरोध आणि दुसऱ्याचा जीव वाचवणे यांची सांगड त्याने कोठेच घातलेली नाही. याच प्रकरणात देवी टोचून घेणे योग्य आहे का, असा प्रश्न तो विचारतो आणि अनुत्तरित सोडतो. हे देवीच्या सुरक्षित लसीविषयीच्या जेन्नरच्या १७९८ च्या प्रबंधापूर्वीचे आहे. त्या वेळच्या टोचण्यात खऱ्या देवीचाच संसर्ग दिला जात असे, त्यामुळे जीव वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालण्याचा पेच खरा होता.

फिक्टेने ‘शरीराची निष्पत्ती’ केली म्हणजे नेमके काय केले?

योहान गोटलीब फिक्टे (१७६२–१८१४) हा रामेनाऊ गावच्या फीत विणणाऱ्याचा मुलगा. ‘मी’पासून सारे तत्त्वज्ञान उभारणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे आणि त्यामुळे शरीराविषयी त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसेल असे वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. १७९६–९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नैसर्गिक हक्कांचा पाया’ या ग्रंथात त्याने जे केले, ते कांटने केलेले नव्हते. आपल्याला शरीर आहे हे अनुभवातून उचलून न घेता, स्वतंत्र व्यक्तीला शरीर असलेच पाहिजे, हे त्याने युक्तिवादाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला.

युक्तिवादाचा सांगाडा असा आहे. मी स्वतःला जगात काही घडवून आणणारी व्यक्ती म्हणून ओळखतो. पण मी एकटाच तसा नाही. म्हणून जगाचा काही भाग असा हवा की जेथे फक्त माझी निवड चालते आणि दुसऱ्याची चालत नाही. हे क्षेत्र विचारात नव्हे तर अवकाशात असले पाहिजे, कारण दुसऱ्यांशी माझी गाठ तेथेच पडते. माझा संकल्प होताच, मध्ये दुसरे साधन न येता, ज्यात बदल घडतो असे हे क्षेत्र म्हणजे शरीर. शिवाय माझे हेतू अगणित असू शकतात, म्हणून हे शरीर सांध्यासांध्यांनी घडलेले असले पाहिजे : प्रत्येक भाग संपूर्णाशी जोडलेला, तरी स्वतंत्रपणे हलवता येणारा. दगड हलवण्यासाठी मला हात लागतो, पण हात हलवण्यासाठी आणखी कोणता हात लागत नाही. माझा हात आणि समोरचे टेबल यांतला जो फरक कांटच्या मांडणीत हरवला होता, तो येथे परत मिळतो.

याला दुसरी बाजू आहे. मी स्वतंत्र आहे हे भान मला आपोआप येत नाही; दुसऱ्या कोणीतरी मला ‘तू स्वतः ठरव’ असे आवाहन करावे लागते. संगोपन म्हणजे हेच आवाहन, आणि माणूस माणसांतच माणूस होतो असे फिक्टे म्हणतो. आवाहन करणाऱ्याने मला ढकलता कामा नये; माझ्यावर परिणाम व्हावा, पण प्रतिसाद द्यायचा की नाही हे माझ्याकडे राहावे. डोळा, कान आणि वाणी यांचे त्याला महत्त्व वाटते ते यामुळे. मानवी देह पाहताच समोरच्याने त्याला वस्तूसारखे वागवणे थांबवले पाहिजे, असेही तो म्हणतो, आणि त्यासाठी ताठ उभी राहणारी देहयष्टी, हात आणि डोळे यांचे वर्णन करतो. खाण्यासारख्या अत्यंत स्वार्थी कामासाठी निसर्गाने दिलेले तोंड संस्कारांनी सामाजिक भावनांचे आरशासारखे माध्यम बनते, हे त्याचे निरीक्षण त्याच्या रूक्ष ग्रंथात अचानक भेटते. प्रत्येक प्राणी जो असतो तो असतो; माणूस आरंभी काहीच नसतो, त्याला व्हावे लागते. मानवी अर्भक इतके असहाय जन्मते, यामागे फिक्टेला हाच अर्थ दिसतो.

यावरून तो मूळ हक्काचे दोन घटक काढतो : शरीराची अभंगता आणि जगात मुक्तपणे परिणाम घडवून आणता येण्याचे सातत्य. याच ग्रंथात पुढे प्रत्येक नागरिकाने नेहमी ओळखपत्र बाळगावे, त्यात त्याचे अचूक वर्णन असावे आणि प्रतिष्ठितांच्या पत्रात चित्रही असावे, असा आग्रह आहे. शरीर अभंग, पण पोलिसांना सदैव ओळखता येईल असे! हेगेलने आपल्या हक्कविषयक ग्रंथाच्या १८२० च्या प्रस्तावनेत या सूचनेची थट्टा केली आहे.

शेलिंगची ‘काळाबाहेरची निवड’ आणि आपला कर्मसिद्धान्त एकच आहेत का?

साम्य आहे, पण वरवरचे. शेलिंगच्या १८०९ च्या निबंधानुसार माणसाचे चारित्र्य त्याच्या स्वतःच्याच कृतीने ठरते, पण ही कृती आयुष्यातल्या कोणत्याही क्षणी घडत नाही. ती काळाच्या बाहेर आहे आणि जाणिवेच्या मागे आहे. तिने माणसाच्या देहधारणेचा प्रकारसुद्धा ठरतो, असे एक धाडसी विधान त्याने केले आहे. कर्मसिद्धान्तात मात्र पूर्वजन्म काळातच असतात, एकामागून एक येतात आणि त्यांची फळे साठत जातात. शेलिंगकडे साठाही नाही आणि क्रमही नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ओळख बहुधा लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’मुळे झालेली असते. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे, आणि ग्रंथात कांटसह जर्मन तत्त्वज्ञांचा दाखला वारंवार येतो. तुलना करायची तर ती टिळक आणि कांट यांची करणे अधिक फलदायी ठरेल.

हेगेल निवडीच्या स्वातंत्र्याला कमी का लेखतो?

मनाला येईल ते करता येणे म्हणजे स्वातंत्र्य, असे मानणाऱ्याला विचारांचे संस्कारच झालेले नाहीत, असा शेरा त्याने ‘हक्काच्या तत्त्वज्ञानाची रूपरेषा’ या ग्रंथाच्या १५ व्या परिच्छेदात मारला आहे. शेरा उद्धट आहे, पण युक्तिवाद बिनतोड आहे. निवडणारा ‘मी’ मोकळा असतो हे खरे. पण ज्यांतून निवडायचे ते पर्याय त्याला बाहेरून मिळालेले असतात : भूक, मोह, संधी, फॅशन. यातला कोणताही पर्याय त्याने स्वतःचा म्हणून घडवलेला नसतो. म्हणजे निवडीचा आकार माझा आणि आशय परका. अशा निवडीला हेगेल ‘संकल्पाच्या रूपातील आकस्मिकता’ म्हणतो. शेलिंगनेही हेच आधी वेगळ्या प्रकारे सांगितले होते : काहीही कारण नसताना हात पुढे करता येणे किंवा मागे घेता येणे हे स्वातंत्र्य मानले, तर स्वातंत्र्य म्हणजे पूर्णपणे अविचाराने वागण्याचा विशेषाधिकार ठरेल.

हेगेलला निवड नकोशी आहे असा याचा अर्थ नाही. व्यवसाय आणि जोडीदार निवडण्याचा व्यक्तीचा हक्क तो आधुनिक राज्याचे लक्षण मानतो. त्याचे म्हणणे एवढेच की निवड हा स्वातंत्र्याचा एक टप्पा आहे.

शरीर आपलेच असते. मग ते ‘ताब्यात घ्यावे’ लागते असे हेगेल का म्हणतो?

जन्मतः मिळालेले शरीर माझ्या संकल्पाला लगेच जुमानत नाही. चालणे, लिहिणे, वाद्य वाजवणे हे सगळे शिकावे लागते, आणि शिकता शिकताच शरीर माझे होते. ‘तात्त्विक शास्त्रांचा कोश’ या ग्रंथातील मानवशास्त्राच्या भागात सवयीवर जे विवेचन आहे, ते या परंपरेतील सर्वांत कमी वाचले गेलेले उत्तम लेखन म्हणता येईल. माणूस ताठ उभा राहतो तो निसर्गाने नव्हे, संकल्पाच्या सवयीने. तो उभे राहू इच्छितो तोवरच उभा असतो, पण या इच्छेकडे त्याला लक्ष द्यावे लागत नाही. सवय माणसाला यांत्रिक बनवते, ही तक्रार हेगेलला ठाऊक आहे. तो तिला असे उत्तर देतो की सवयीमुळेच मन मोकळे होऊन दुसऱ्या गोष्टीत गुंतू शकते.

शरीर ताब्यात घेणारा मी त्यापासून वेगळाही होऊ शकतो का? स्वतःपुरता होऊ शकतो. बेड्यांतही मी मनाने स्वतंत्र राहू शकतो. पण हा निर्णय फक्त माझा असू शकतो. इतरांसाठी मी माझ्या शरीरातच आहे, आणि माझ्या शरीरावर केलेली बळजोरी ही माझ्यावर केलेली बळजोरी आहे. देहाला छळले तरी आत्म्याला धक्का लागत नाही, असे म्हणणाऱ्याला हेगेल शब्दच्छल करणारा म्हणतो. आत्म्याच्या अलिप्ततेचा उपदेश सोसणाऱ्याने स्वतःला केला तर ती साधना ठरते, मारणाऱ्याने केला तर ती लबाडी ठरते. इतका साधा आणि इतका उपयोगी भेद या परंपरेत क्वचितच आढळतो.

मग मजुरी करणे म्हणजे शरीर विकणेच नव्हे का?

हेगेलचे उत्तर वेळेच्या मर्यादेवर उभे आहे. माझ्या कौशल्याचा ठरावीक काळापुरता वापर मी दुसऱ्याला देऊ शकतो. माझा सगळा वेळ आणि सगळे श्रम दिले, तर मी माझे व्यक्तित्वच देऊन टाकतो, आणि ते देण्याचा अधिकार मला नाही. गुलामगिरीचा करार यामुळेच मुळातून रद्द ठरतो. मार्क्सने ‘भांडवल’मध्ये श्रमशक्तीची विक्री समजावताना हेगेलचा हाच परिच्छेद उद्धृत केला आहे.

हे स्वातंत्र्य स्त्रियांनाही लागू होते का?

तत्त्वतः लागू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तिघांनीही पाय मागे घेतला. कांट १७९७ मध्ये स्त्रियांना सक्रिय नागरिकत्वातून वगळतो. ज्या फिक्टेने शरीराची अभंगता सिद्ध केली, त्याच ग्रंथात पत्नीने आपला संकल्प पतीच्या स्वाधीन करावा असे तो सांगतो. हेगेल स्त्रीचे क्षेत्र कुटुंबापुरते आखतो. ही त्या काळाची मर्यादा म्हणून सोडून देता येत नाही, कारण कांटच्याच क्योनिग्झबर्ग शहरात त्याचा मित्र हिप्पेल १७९२ मध्ये स्त्रियांच्या नागरी समतेची मागणी करत होता.

मेंदूविज्ञानाने हे सारे खोटे ठरवले नाही का?

येथे बहुधा मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या प्रयोगाचा संदर्भ असतो. सहभागी व्यक्तीने मनाला येईल तेव्हा बोट किंवा मनगट हलवायचे आणि हलवण्याची इच्छा केव्हा जाणवली ते घड्याळावर पाहून सांगायचे. मेंदूतील पूर्वतयारीचा विद्युत्संकेत त्या जाणिवेच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधी दिसला. या निष्कर्षांच्या अर्थाविषयी शास्त्रज्ञांतच मतभेद आहेत, पण ते निर्विवाद मानले तरी चिद्वाद्यांना त्यांचा फारसा धक्का बसत नाही. कांट सांगून चुकला होता की अनुभवजगातील प्रत्येक हालचालीला पूर्वकारण सापडणारच. शेलिंग आणि हेगेल यांच्या दृष्टीने तर या प्रयोगात मोजलेली गोष्ट म्हणजे कारणावाचून हात हलवणे, जिला स्वातंत्र्य म्हणायलाच त्यांनी नकार दिला होता. दिलेला शब्द पाळणे, व्यवसाय निवडणे, गुलामगिरीला नकार देणे यांना मनगटाच्या झटक्यासारखा एक ठरावीक क्षण नसतो.

वाचनाला कोठून सुरुवात करावी?

फिक्टेच्या ‘नैसर्गिक हक्कांचा पाया’ या ग्रंथातील पाचव्या आणि सहाव्या परिच्छेदांपासून. कांटच्या पहिल्या चिकित्सेपासून सुरुवात करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण शरीराच्या प्रश्नासाठी तो मार्ग लांबचा आहे. तेथील तिसरी जोडी तेवढी वाचून पुढे जावे. त्यानंतर हेगेलच्या हक्कविषयक ग्रंथातील परिच्छेद ५ ते १५ आणि ४७, ४८ व ५७ सलग वाचावेत. शेलिंगचा निबंध छोटा असला तरी सर्वांत अवघड आहे. तो शेवटी ठेवलेला बरा.